माझा कोर्स टेलिग्रामवर ९९ रुपयांत

पत्र थोडक्यात असं. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एक ताई बरीच वर्षं घरातच शिवणक्लास घेतात. लॉकडाउनमध्ये क्लास बंद पडला, तेव्हा पुतण्यानं कटिंगच्या टेबलावर मोबाइल टांगून दिला आणि ब्लाउज कटिंगचे व्हिडिओ करायला शिकवलं. आज त्यांचा ३२ व्हिडिओ आणि पेपर पॅटर्नच्या पीडीएफ असा कोर्स आहे, फी १४९९ रुपये. शिकणारी यूपीआयनं पैसे भरते, पावतीचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर टाकते, ताई तिला ग्रुपमध्ये घेतात आणि गूगल ड्राइव्हची लिंक देतात. सगळा व्यवहार मोबाइलवर.

गेल्या महिन्यात त्यांना एका अनोळखी बाईंचा फोन आला. ‘मॅडम, चौदाव्या व्हिडिओतला मुंढा मला जमेना, ३६ छातीला झोळ येतोय.’ (मुंढा म्हणजे ब्लाउजला बाही जोडतात तो काखेचा गोलवा.) ताईंच्या वहीत त्या बाईंचं नाव नव्हतं. विचारल्यावर त्यांनी काहीही न लपवता सांगितलं, की टेलिग्रामवर ९९ रुपयांत ‘सगळे शिलाई कोर्स’ मिळतात, तिथून घेतला. व्हिडिओच्या शेवटी तुमचा नंबर होता म्हणून फोन केला. ताईंनी फोन कापला. मग शोधल्यावर ते चॅनल सापडलं. सदस्य सहा हजार. सहा हजार गुणिले १४९९ करून ताईंनी नव्वद लाखांचं नुकसान काढलंय आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

पुतण्या म्हणतो, स्वतःचं ॲप घ्या, त्यात डीआरएम (नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप) असतं, कॉपीच होत नाही. वर्षाचे पैसे भरावे लागतील. मिस्टर म्हणतात, ऑनलाइनचा नाद सोड, घरचा क्लास बरा. ताईंचा संशय गेल्या वर्षीच्या एका विद्यार्थिनीवर आहे. तिनं फी हप्त्यानं भरली होती आणि आता शेजारच्या गावात स्वतःचा क्लास काढलाय, ‘माझ्याच पद्धतीनं शिकवते’. तिचं नाव ग्रुपवर टाकावं असं ताईंच्या मनात आहे. शेवटी त्या विचारतात: पोलिसांत जाऊ, ॲप घेऊ, की बंदच करू?

ताई,

आधी त्या फोनचं बघू. तुम्ही फोन कापलात. रागाच्या भरात कुणीही कापला असता. पण नंबर अजून कॉलच्या यादीत असेल, तर आज संध्याकाळी त्या बाईंना उलटा फोन करा. यात मोठेपणाचा भाग नाही, सरळ हिशेब आहे. चॅनलचं नाव, पैसे कुठल्या यूपीआय आयडीवर गेले, फाइल लिंकनं आली की थेट चॅनलवर, हे सगळं त्यांना ठाऊक आहे आणि पावती त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. पोलिसांना किंवा वकिलांना उद्या जे लागेल, त्यातलं अर्धं त्या एका स्क्रीनशॉटमध्ये असेल. तेव्हा त्यांना मुंढ्याचं सांगा. झोळ कशानं येतोय, मागचा मुंढा जास्त खोल गेलाय की शोल्डर उतरलाय, हे तुम्हाला दोन प्रश्नांत कळेल. ते सांगून झालं की स्क्रीनशॉट मागा. आणि पुढचं शिकायचं असेल तर रीतसर भरती व्हा, हेही सांगा. त्या चोर नाहीत. त्यांनी पैसे मोजलेत, फक्त भलत्या माणसाला. कदाचित कोर्स खरा कुणाचा हे त्यांना फोन लावेपर्यंत माहीतही नसेल.

आता नव्वद लाख. चॅनलचे सहा हजार सदस्य म्हणजे सहा हजार गिऱ्हाइकं नव्हेत. असल्या चॅनलवर मेंदीपासून स्पर्धा परीक्षेपर्यंत सगळं एकाच भावात असतं. माणसं एकदा येतात, म्यूट करतात आणि विसरतात. काही सदस्य तर माणसंही नसतात. शिवाय ९९ रुपये देणारी प्रत्येक जण, चॅनल नसतं तर तुमच्याकडे १४९९ भरायला आली असती, असं धरता येत नाही. बहुतेक जणी आल्या नसत्या. काही मात्र नक्की आल्या असत्या, आणि तेवढंच तुमचं खरं नुकसान. ते मोजायचा एक मार्ग आहे, पण पत्रात तो आकडा नाही: महिन्याला नव्या किती जणी येतात? यूपीआयचं स्टेटमेंट काढा आणि गेल्या दोन वर्षांचे महिने एकाखाली एक लिहा. लग्नसराईच्या आधी आकडा वाढतो, नंतर पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून यंदाचा मार्च गेल्या मार्चशी ताडून बघा, फेब्रुवारीशी नको. खरंच घसरण दिसली, तर किती खर्च करून कुलूप घ्यायचं हे त्या घसरणीवर ठरेल. दिसली नाही, तर राग उरतो. राग खरा आहे, पण त्यासाठी वर्षाची वर्गणी भरायची का, हा वेगळा प्रश्न झाला.

पुतण्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

आजची तुमची व्यवस्था पाहिली तर तिला कुलूपच नाही. ड्राइव्हची लिंक ‘ज्याच्याकडे लिंक, त्याला दिसेल’ अशी असणार, कारण व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला तीच सोपी. ती लिंक एकीनं बहिणीला दिली, बहिणीनं जावेला दिली, की कुणी काही फोडलं असं म्हणायलाही जागा उरत नाही. तेव्हा ॲपच्या आधी फुकटातलं करून घ्या. ड्राइव्हवर ‘रिस्ट्रिक्टेड’ निवडून प्रत्येकीच्या जीमेलला वेगळी परवानगी द्या आणि डाउनलोड, प्रिंट, कॉपी हे पर्याय बंद करा. तुम्हाला टेलिग्रामच सोयीचं वाटत असेल, तर त्यावर खासगी चॅनलमधली सामग्री जतन करता येऊ नये, फॉरवर्ड होऊ नये, अशी सोय २०२१ च्या डिसेंबरपासून आहे. एका बटणाचं काम. यूट्यूबवर ठेवलंत तर ‘अनलिस्टेड’ आणि ‘प्रायव्हेट’ यांत घोटाळा करू नका. अनलिस्टेड व्हिडिओ लिंक मिळालेल्या कुणालाही दिसतो. प्रायव्हेट तुम्ही नेमलेल्या खात्यांनाच. ही सगळी कुलपं म्हणजे एसटीच्या सीटवर खिडकीतून टाकलेला रुमाल: मानणारा मानतो, न मानणारा बाजूला सारून बसतो. पण बहुतेक माणसं मानतात, आणि आज तुमच्या सीटवर रुमालही नाही.

डीआरएम यापेक्षा पक्कं असतं, यात शंका नाही. व्हिडिओ सांकेतिक करून पाठवतात, तो उलगडायची किल्ली ॲप वेगळी मागून घेतं, आणि स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू केलं तर काळा पडदा दिसतो. अँड्रॉइडवर हे काम बहुधा गूगलचं वाइडवाइन करतं, आयफोनवर ॲपलचं फेअरप्ले. त्यातही वाइडवाइनच्या पायऱ्या आहेत. एल-१ मध्ये किल्ली आणि उलगडण्याचं काम प्रोसेसरच्या सुरक्षित भागात होतं. एल-३ मध्ये सगळं नुसत्या सॉफ्टवेअरवर चालतं, आणि ते फोडल्याचं २०१९ मध्येच जाहीर झालं होतं. स्वस्तातल्या बऱ्याच मोबाइलवर आणि कॉम्प्युटरच्या ब्राउझरवर एल-३ असतं. मोठ्या ओटीटी कंपन्या अशा ठिकाणी चित्राचा दर्जा उतरवून देतात. तुमचे ॲपवाले नेमकं काय करतात, ते विचारायला हवं.

पण खरी अडचण किल्लीची नाहीच. चित्र शेवटी काचेवर यायचं आणि आवाज स्पीकरमधून. समोर दुसरा मोबाइल धरला की नक्कल झाली. सिनेमावाल्यांना अशा नकलेचा त्रास असला तरी निदान ती बघायला वाईट असते. तुमच्या व्हिडिओचं तसं नाही. निळ्या कापडावर पांढऱ्या खडूची रेघ आणि ‘छातीचा चौथा भाग, त्यात शिलाईचं माप मिळवा’ असं सांगणारा तुमचा आवाज. एवढं कळलं की शिकणारीचं काम झालं. टेबल वाकडं दिसलं, रंग उडालेले दिसले, तरी ब्लाउज तसाच बेतला जातो. ज्या मालाची किंमत दृश्याच्या झगमगाटात असते, त्याला डीआरएमनं जेवढं राखता येतं, तेवढं तुमच्या मालाला राखता येत नाही. ॲप विकायला येणारा हे सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

मोबाइलवरची ही झटापट जुनी आहे. रिंगटोनच्या काळात, २००२ मध्ये स्थापन झालेल्या ओपन मोबाइल अलायन्स या मोबाइल क्षेत्रातल्या कंपन्यांच्या संघटनेनं ‘फॉरवर्ड लॉक’ नावाची सोपी युक्ती ठरवून दिली होती: विकत घेतलेली धून त्याच हँडसेटवर वाजायची, ब्लूटूथनं मैत्रिणीला पाठवायला गेलं की फोन नकार द्यायचा. कुलूप चोख होतं. पण स्टँडजवळच्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात तेव्हा अख्खं मेमरी कार्ड गाण्यांनी भरून मिळायचं, आणि त्या गाण्यांना कसलंच लॉक नसायचं. म्हणजे अडला तो पैसे देणारा. पुढे ॲपलनं २००९ च्या जानेवारीत आयट्यून्स या आपल्या ऑनलाइन दुकानातली सगळी गाणी डीआरएमशिवाय विकणार असं जाहीर केलं, ते काही धर्मादाय म्हणून नव्हे. सरळ विकत घेणं सोपं केलं की पुष्कळ लोक विकत घेतात, हे तोवर दिसून आलं होतं.

‘एका मोबाइलवरच चालेल’ ही अट तुमच्या पुतण्याला फार आवडलेली दिसते. तुमच्या विद्यार्थिनींकडे बघून ती पुन्हा वाचा. कितीतरी घरांत चांगला मोबाइल एकच असतो आणि तो दिवसभर नवऱ्याबरोबर कामावर जातो. बाई रात्री भांडी झाल्यावर बघते, किंवा दुपारी मुलगा कॉलेजातून आला की त्याच्या फोनवर. मशीन ज्या खोलीत, तिथे रेंज नाही, म्हणून तिला व्हिडिओ आधी उतरवून ठेवावा लागतो. मोबाइल पाण्यात पडला, बदलला, रिचार्ज संपून नंबर गेला, की ओटीपी येत नाही आणि ती ॲपमधून बाहेर. मग ती कुणाला फोन करणार? ॲपवाल्यांना नाही, तुम्हाला. आणि ९९ रुपयेवाली नक्कल मात्र कुठल्याही फोनवर, नेट नसतानाही, बिनबोभाट चालते. पूर्ण फी भरणारीला असा कमअस्सल माल मिळायला लागला, तर पुढच्या वेळी तिच्या मैत्रिणीनं तुमच्याकडे का यावं?

म्हणून ॲप घ्यायचंच झालं, तर सही करण्याआधी हे विचारून घ्या आणि उत्तरं लेखी घ्या. किती मोबाइलवर चालेल, आणि मोबाइल बदलला तर मोकळा करून कोण देणार, किती वेळात. नेट नसताना बघता येईल का. साताठ हजारांच्या मोबाइलवर त्यांनी तुमच्यासमोर चालवून दाखवावं, स्वतःच्या भारी फोनवर नको. फी तुमच्या खात्यात थेट येणार की आधी त्यांच्याकडे. विद्यार्थिनींच्या नंबरांची यादी कुणाची. आणि वर्गणी थकली किंवा कंपनी बंद पडली, तर ज्यांनी फी भरलीय त्यांच्या व्हिडिओंचं काय होणार. शेवटचा प्रश्न हवेतला नाही. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं दिसेनाशी झाली. त्यांनी निदान पैसे परत केले. तुमच्या ॲपवाल्याकडून तेवढी अपेक्षा करता येईल का, ते तुम्हीच बघा.

मला विचाराल तर यंदा ॲप नको. त्याऐवजी प्रत्येक प्रतीवर घेणारीचं नाव घाला. पीडीएफवर हे आज करता येतं: पॅटर्नच्या प्रत्येक पानावर, मुंढ्याच्या वळणाला लागून, फिकट अक्षरांत तिचं नाव आणि भरतीची तारीख. कोपऱ्यात नको, कोपरा कापून टाकता येतो. रेघेला चिकटलेलं नाव काढायचं तर पॅटर्नच बिघडतो. व्हिडिओवर फिरतं नाव उमटवणाऱ्या सेवा मिळतात, त्या पूर्ण डीआरएमपेक्षा हलक्या असतात. नाही परवडलं, तर निदान महत्त्वाच्या चार-पाच व्हिडिओंच्या बॅचनुसार वेगळ्या प्रती करा; पुतण्याला एका दुपारचं काम आहे. पूर्ण मोबाइल नंबर मात्र पडद्यावर फिरवू नका. कितीतरी ॲप्स तसं करतात, आणि व्हिडिओ फुटला की त्या बाईचा नंबर सहा हजार अनोळखी लोकांसमोर. नाव आणि नंबरचे शेवटचे चार आकडे पुरतात. आणि असं नाव घालणार आहोत हे भरतीच्या वेळीच सांगा. चोरून केलेल्या खुणेनं फार तर चोर सापडतो. सांगून केलेल्या खुणेमुळे निम्म्या जणी फॉरवर्ड करण्याआधीच थबकतात.

त्या विद्यार्थिनीकडे येतो. तिच्याविरुद्ध तुमच्याकडे काय आहे? फी हप्त्यानं भरली आणि क्लास काढला. पहिल्या गोष्टीचा चोरीशी संबंध नाही. उलट हप्ते पाडून का होईना, तिनं पूर्ण फी भरली. आणि उघडी लिंक ज्या ग्रुपवर होती, त्या ग्रुपमधली कुणीही, तिच्या घरातलं कुणीही, तिचा जुना मोबाइल विकत घेतलेलं कुणीही फाइल उतरवू शकत होतं. तुमच्या जुन्या प्रतींवर कुठलीच खूण नाही, म्हणजे कुठून फुटलं हे आता कळणारच नाही. मग ग्रुपवर नाव टाकून काय होईल? दोनशे बायकांसमोर एका बाईला चोर ठरवल्यावर तिनं बदनामीची तक्रार केली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ तुमच्यावर लागेल आणि पुरावा तुम्हीच ग्रुपवर लिहून दिलेला असेल. हे अजिबात करू नका.

आणि तिचा क्लास. हे तुम्हाला आवडणार नाही, पण ‘माझ्याच पद्धतीनं शिकवते’ ही तक्रार कायद्यात बसत नाही. कॉपीराइट कल्पनेवर किंवा पद्धतीवर मिळत नाही, ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर मिळतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच हे स्पष्ट केलंय. तुमचा व्हिडिओ, तुमच्या पीडीएफमधली आकृती आणि मजकूर तुमचा. कटोरी ब्लाउजचा टक्स (आकार देणारी चुणी) असा घ्यावा ही युक्ती एकदा शिकवली की शिकणारीची झाली. तिनं तुमचा व्हिडिओ दाखवून क्लास चालवला तर ते उल्लंघन. स्वतःच्या हातानं खडू धरून शिकवलं तर नाही. तुम्हीही ही विद्या कुणाकडून तरी घेतलीत आणि त्यावर घर उभं केलंत. तुमच्याकडे शिकून एकीनं स्वतःचा क्लास काढला, ही गोष्ट मी तुमच्या जागी असतो तर जाहिरातीत घातली असती.

चॅनलवाल्याचं मात्र सोडू नका. तिथे कायदा तुमच्या बाजूनं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. केलीत तर कोर्टात पुरावा म्हणून उपयोगी पडते इतकंच. जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याला कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलंय. ‘आमच्या हातात काही नाही’ असं ठाण्यात कुणी म्हणालं, तर हे वाक्य नम्रपणे सांगा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयात तुमच्यासारखंच प्रकरण होतं. स्पर्धा परीक्षांच्या शिक्षिका नीतू सिंह यांची पुस्तकं आणि व्हिडिओ टेलिग्रामवर फिरत होते. आमचे सर्व्हर सिंगापुरात आहेत, तिथल्या गोपनीयतेच्या कायद्यामुळे माहिती देता येत नाही, अशी टेलिग्रामची बाजू होती. कोर्टानं ती न मानता चॅनल चालवणाऱ्यांचे मोबाइल नंबर, आयपी पत्ते वगैरे उघड करायला सांगितलं. त्यामुळे ‘टेलिग्रामवर कुणाचं काही चालत नाही’ हे खरं नाही. चालतं, फक्त वेळ आणि वकील लागतो.

वकिलाच्या आधी तुम्हाला स्वतःला करण्यासारखंही बरंच आहे, पण क्रम चुकवू नका. तक्रार आधी आणि पुरावा नंतर असं केलंत, तर चॅनल रात्रीत उडतं, दुसऱ्या नावानं उघडतं, आणि तुमच्या हातात काही राहत नाही. म्हणून पहिल्यांदा पुरावा. चॅनलचं नाव, लिंक, सदस्यसंख्या, तुमच्या व्हिडिओच्या पोस्ट, त्यांच्या तारखा, पैसे मागणारा संदेश आणि क्यूआर कोड, या सगळ्याचे स्क्रीनशॉट, आणि चॅनल उघडण्यापासून शेवटपर्यंत सलग एक स्क्रीन रेकॉर्डिंग. ज्या मोबाइलवर हे घेतलं तो विकू नका, रिसेट करू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात त्या उपकरणाची माहिती असते. कॉपीराइटचं ६३ वेगळं आणि हे ६३ वेगळं, ठाण्यात गोंधळ नको. तुमचे मूळ, न कापलेले व्हिडिओ तारखेसह पेनड्राइव्हवर वेगळे ठेवा. कोर्स तुमचा, हे त्यांवरून सिद्ध होईल.

मग टेलिग्रामकडे कॉपीराइटची तक्रार, प्रत्येक पोस्टची लिंक देऊन. भारतात काम करणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांना, म्हणजे टेलिग्रामसारख्या दुसऱ्यांची सामग्री पोचवणाऱ्यांना, तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. कॉपीराइट नियमांतल्या नियम ७५ खाली लेखी नोटीस दिली, तर ३६ तासांत ती सामग्री अडवावी लागते. पण त्यासाठी दावा दाखल करून २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणून देऊ, अशी हमी तुम्हाला लिहून द्यावी लागते. ती द्यायची तयारी असेल तरच त्या वाटेनं जा. हेच व्हिडिओ कुणी यूट्यूबवर चढवले असतील, तर तिथला फॉर्म साधा आहे आणि कोर्टाच्या आदेशाची हमी लागत नाही.

चॅनलचं नाव बदलेल, फोन नंबर बदलेल, पण पैसे येण्याची जागा त्याला सहजासहजी बदलता येत नाही. यूपीआय आयडीमागे बँक खातं असतं, खात्यामागे केवायसी. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर नाव दिसतं, त्याचाही स्क्रीनशॉट घ्या. तो आयडी ज्या बँकेचा किंवा पेमेंट ॲपचा आहे, तिथेही तक्रार करा, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवताना तो आयडी ठळक लिहा. तुमच्या हातातला सगळ्यात पक्का धागा तोच. चॅनलवर मेंदीवाल्या, केकवाल्या, रांगोळीवाल्या आणखी कुणाकुणाचे कोर्स दिसतात ते बघा आणि त्यांना कळवा. दहा जणींच्या सहीची तक्रार आणि एकीची तक्रार यांत ठाणेदार फरक करतो, हे काही गुपित नाही. वकिलाचा खर्चही वाटला जातो.

तक्रार करण्याआधी स्वतःच्या व्हिडिओंतही एकदा डोकावा. बऱ्याच जणी सुरुवातीला पार्श्वसंगीत म्हणून सिनेमातलं गाणं लावतात. तुमच्यातही असेल तर काढून टाका. दुसऱ्याचं गाणं न विचारता वापरून आपल्या हक्काची नोटीस काढणं कायद्यानं तर अवघडच, पण दिसायलाही बरं दिसत नाही.

मिस्टरांच्या म्हणण्यावर थोडंच लिहितो. ऑनलाइन बंद केलंत तरी चॅनल बंद होणार नाही; तुमचा कोर्स तिथे ९९ ला मिळत राहील आणि १४९९ ला मिळणं तेवढं थांबेल. त्यापेक्षा विकण्याची मांडणी बदला. मुंढ्याचा झोळ कसा काढायचा, हे चॅनलवाला सांगू शकला नाही, म्हणून तर तुम्हाला फोन आला. आठवड्यातून एकदा, बुधवारी दुपारी म्हणा, तासभर व्हिडिओ कॉलवर शंका. कापलेलं कापड कॅमेऱ्यासमोर धरा, चूक दाखवून देते. पहिला ब्लाउज शिवल्यावर फोटो तपासून देणं हेही फीमध्ये. पाहिजे तर पहिले पाच व्हिडिओ स्वतःच फुकट सोडा, तुमच्या नंबरासकट. आणि ज्यांना १४९९ एकदम जड जातात त्यांच्यासाठी तीन हप्ते उघडपणे लिहा, म्हणजे कुणाला संकोचानं मागावे लागणार नाहीत. ९९ आणि १४९९ यांच्या मधे काहीच नसतं, तेव्हा बरीच गरजू गिऱ्हाइकं ९९ कडे जातात.

ग्रुपवर लिहायचंच आहे ना? मग पुरावा गोळा झाल्यावर, तक्रार गेल्यावर, एवढंच टाका: ‘मैत्रिणींनो, आपल्या कोर्सचे व्हिडिओ एका टेलिग्राम चॅनलवर पैसे घेऊन विकले जात आहेत. तक्रार केली आहे. कुणाला तशी लिंक दिसली तर मला खासगीत पाठवा, नाव कुठेही येणार नाही. तिथून कुठलीही एपीके फाइल (ॲप बसवणारी फाइल) मोबाइलमध्ये घेऊ नका, त्यातून बँकेचे पैसे जाण्याचा धोका असतो. जुनी लिंक रविवारी रात्री बंद होईल. आपापला जीमेल पत्ता कळवा, नवी परवानगी देते. बुधवारी तीन वाजता शंकांचा तास सुरू करत आहे.’ पाठवण्याआधी पुतण्याला एकदा वाचायला द्या आणि त्याला खाली काही जोडू देऊ नका.